मूल शाळेंत जावयास भितें तेव्हां

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडल्या, म्हणजे पहिल्या आठ-दहा दिवसांत फाटकापाशीं एक देखावा हटकून पाहावयास मिळतो. एखादें बालक आईचा पदर घट्ट धरून उभें असतें, आई एकदां घड्याळाकडे व एकदां त्याच्या तोंडाकडे पाहात असते, आणि येणारे-जाणारे हंसून म्हणतात, "पहिले चार दिवस सगळींच रडतात!" बहुतेक मुलांच्या बाबतींत हें म्हणणें खरें ठरतें. पंधरवडा उलटतो न उलटतो, तोंच तेंच मूल आईचा हात सोडून पुढें पळूं लागतें. अशा मुलांविषयीं आज आम्हांस लिहावयाचें नाहीं. ज्यांचें रडें महिना लोटला तरी थांबत नाहीं, किंवा जीं चांगलीं चार-पांच वर्षें शाळेंत रमल्यावर एके दिवशीं अकस्मात् "मी जात नाहीं" म्हणून बसतात, त्यांच्याविषयीं व त्यांच्या आईबापांविषयीं येथें थोडें लिहावयाचें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. शाळा बुडविणारें मूल व शाळेस भिणारें मूल हीं दोन अगदीं निराळीं आहेत. शाळा बुडविणारा मुलगा दप्तर घेऊन वेळेवर घरांतून निघतो, दिवसभर नदीवर, स्टेशनावर किंवा मित्राच्या घरीं मोबाइलवर खेळत बसतो, आणि शाळा सुटण्याच्या सुमारास साळसूदपणें परत येतो. आईबापांपासून लपविणें हाच त्याचा सारा उद्योग. शाळेस भिणारें मूल कांहींच लपवीत नाहीं. तें घरींच, आईच्या डोळ्यांसमोर असतें. अभ्यास करावयास तें बहुधा तयार असतें; पुस्तकें-वह्या नीट लाविलेल्या असतात; केवळ उंबरठा ओलांडण्याची वेळ आली कीं त्याचें पाऊल अडतें. अमेरिकेंतील डॉक्टर अ‍ॅडेलेड जॉन्सन ह्या बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४१ सालीं अशा मुलांविषयीं निबंध प्रसिद्ध करून ह्या अवस्थेस 'शाळेचें भय' असें नांव दिलें. हीं मुलें एरवीं उनाडांच्याच पंक्तीस बसविलीं जात, व त्यांस औषधहि तेंच मिळे: चौदावें रत्न! पुढें जाणकारांनीं 'भय' हा शब्दहि मागें टाकिला, व 'शाळेस नकार' असें म्हणण्याचा प्रघात पडला. कारण भीतीचें मूळ शाळेंतच असतें असें नाहीं. पुष्कळदां तें घरीं असतें.

आतां त्या प्रसिद्ध पोटदुखीविषयीं. "सोंग करतो आहे," हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निकाल ठरलेला. रविवारीं दिवसभर मूल ठणठणीत असतें, सोमवारीं सकाळीं पोट धरून बसतें, आणि शाळेची वेळ टळून गेली म्हणजे पुन्हां ठणठणीत! हें सोंग नव्हे तर काय? परंतु शरीरशास्त्राची साक्ष वेगळी आहे. हार्वर्ड विश्वविद्यालयाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं भय, क्रोध इत्यादि विकारांच्या योगानें शरीरांत काय घडतें ह्याचे प्रयोग केले व १९१५ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. संकट दिसलें कीं प्राण्याचें शरीर लढण्याची वा पळण्याची सिद्धता करतें. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. हृदय धडधडूं लागतें, श्वास जलद होतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें, आणि त्या घटकेस ज्याची निकड नाहीं तें पचनाचें काम मंदावतें. म्हणूनच पोटांत कालवतें, मळमळतें, घांस घशाखालीं उतरत नाहीं, वारंवार लघवीस लागते. वाघ समोर आला असतां जें व्हावयाचें, तेंच ह्या मुलास वर्गाच्या दारापुढें होतें. वाघ आम्हांस दिसत नाहीं, इतकाच फरक.

ह्याचा अर्थ, मूल "पोट दुखतें" म्हणालें तर त्यास खोटारडें ठरवूं नये. एकदां वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. जंत, लघवीच्या मार्गाचा दाह, कमजोर दृष्टि अशीं साधीं कारणें असूं शकतात. तेथें कांहीं न आढळल्यास मुलास सरळ सांगावें: "बाळ, तुझें पोट खरेंच दुखतें आहे. भीति वाटली म्हणजे असें दुखतें. थोड्या वेळानें थांबेल. चल, पायांत चपला घाल." ह्या चार वाक्यांत शेवटचें वाक्य पहिल्याइतकेंच महत्त्वाचें आहे.

येथें एखादी आई म्हणेल, "दुखणें खरें आहे ना? मग चार दिवस घरीं राहूं दे. मन शांत झालें कीं जाईल आपण होऊन." मायेचा हा विचार आम्ही समजूं शकतों. परंतु ह्या लेखांत जी एक गोष्ट आम्हांस आग्रहानें सांगावयाची आहे ती हीच, कीं तसें होत नाहीं. घरीं राहण्याची परवानगी मिळतांच पोट थांबतें, जीव भांड्यांत पडतो. त्या सुटकेचा गोडवा मन विसरत नाहीं. मुलाचें मन त्यावरून असा धडा घेतें, कीं शाळा खरोखरच भयंकर होती आणि घरीं राहिलों म्हणून वांचलों. वर्गांत जाऊन बसल्यावर भीति कांहीं वेळानें आपोआप ओसरते, हा दुसरा धडा शिकण्याची संधि मात्र हुकते. शिवाय उद्यां जावयाचें तर कालचा अभ्यास बुडालेला, "काल कां आली नाहींस?" ह्या प्रश्नास उत्तर हवें, बाकावरील मैत्रिणीनें दुसरी जोडीदारीण केलेली. सावकाराच्या कर्जाप्रमाणें आजची नड भागते आणि व्याज चढत जातें. दोन दिवसांचे आठ होतात, आठांचा महिना होतो. हजेरीपटावर एका नांवापुढें गैरहजेरीच्या खुणांची ओळ लांबत जाते, प्रत्येक चिठ्ठींत "प्रकृति बरी नाहीं" एवढेंच असतें, आणि शेवटीं एके दिवशीं दाखला मागावयास वडील एकटेच येतात. हुशार मुलांचें शिक्षण अशा रीतीनें सुटलेलें आम्हीं पाहिलें आहे.

२०२० सालच्या मार्चमध्यें कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, व कित्येक इयत्तांच्या त्या वर्षाहून अधिक काळ बंदच राहिल्या. त्यानंतर शाळा उघडल्या तेव्हां पूर्वीं कधीं न रडलेलीं मुलें फाटकाशीं रडलीं, ह्याचें वर्म ह्यांतच आहे. त्यांस घरीं ठेवणें भाग होतें. पण न जाण्याची संवय भीतीस कशी पोसते, हें तेव्हां सर्वांस एकदम दिसलें.

मग मुलास फरफटत न्यावें काय? तेंहि नव्हे. ह्याविषयींचा एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन बाईंनीं १९२४ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलास सशाची विलक्षण भीति वाटे. बाईंनीं ससा एकाएकीं त्याच्या मांडीवर टाकला नाहीं, किंवा सशाचें तोंडहि पाहूं नकोस असेंहि सांगितलें नाहीं. मूल आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतील ससा खोलीच्या दूरच्या टोकास ठेवावयाचा. तेवढें सोसलें म्हणजे थोडा जवळ आणावयाचा. सशास न भिणारीं दुसरीं मुलेंहि त्या वेळीं त्याच्याबरोबर खेळत असत. मध्यंतरीं पीटर आजारी पडून मागेंहि गेला. बाईंनीं पुन्हां पायरी-पायरीनें आरंभ केला. अखेर तोच मुलगा सशाच्या अंगावरून हात फिरवूं लागला. भीतीच्या दिशेनेंच जावयाचें, पण पाऊल लहान टाकावयाचें, आणि बरोबर कोणी विश्वासाचें माणूस असावयाचें. नंतरच्या शंभर वर्षांत ह्या विषयावर पुष्कळ लिहिलें गेलें, तरी उपायाचा गाभा हाच राहिला आहे.

आपल्याच शाळेंतील एक उदाहरण देतों. नांव अर्थातच देत नाहीं. खानदेशांतील एका खेड्यांत चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा वडिलांच्या बदलीमुळें पांचवींत आपल्याकडे आला. तेथें दोन शिक्षकांची शाळा. येथें दर तासाला घंटा, दर तासाला निराळे शिक्षक, आणि एका वर्गांत पन्नासांवर मुलें. जुलै संपेपर्यंत तो येत होता. ऑगस्टमध्यें ताप आला म्हणून चार दिवस राहिला, आणि ताप गेला तरी येईना. वडिलांनीं एकदां रागें भरून, एकदां सायकल घेऊन देण्याचें कबूल करून पाहिलें. मुलगा कपडे घाली, बूट घाली, आणि दाराच्या चौकटीस धरून उभा राही.

कारण विचारलें तर "कांहीं नाहीं." हें बहुधा असेंच असतें. "कां?" ह्या प्रश्नास भ्यालेल्या मुलाजवळ उत्तर नसतें, "केव्हां?" व "कोठें?" ह्या प्रश्नांस असतें. त्याच्या आईस आम्हीं सुचविलें, कीं संध्याकाळीं भाजी निवडतांना, त्याच्याकडे न पाहतां, शाळेचा दिवस घंटेघंटेनें विचारावा: पहिल्या तासाला पोट दुखतें का? मधल्या सुट्टींत? घरीं येतांना? तिसऱ्या दिवशीं उलगडा झाला. मराठीच्या तासाला उभें राहून धडा वाचावयाचा असे. हा मुलगा आपल्या गांवच्या बोलीप्रमाणें 'पाणी'ला 'पानी' म्हणे, 'कोण'ला 'कोन' म्हणे, आणि वर्ग हंसे. मधल्या सुट्टींत मुलें त्यास 'पानी' ह्याच नांवानें हांक मारूं लागलीं होतीं. शिक्षकांस ह्याचा पत्ता नव्हता, कारण ही हांक त्यांच्या पाठीमागें मारिली जाई.

पहिल्या दिवशीं शाळा सुटल्यावर तो वडिलांबरोबर रिकाम्या व्हरांड्यांतून हिंडला व आपल्या बाकावर बसून आला. दुसरे दोन दिवस एक तासभर ग्रंथालयांत बसला. मग चित्रकलेचा तास, कारण तेथें वाचावें लागत नाहीं व त्याचा हात चांगला होता. मग मधल्या सुट्टीपर्यंत. सुट्टींत बागेच्या झाडांस पाणी घालण्याचें काम एका शांत मुलाच्या जोडीनें त्याच्याकडे दिलें. मध्यें एक सोमवार असा आला कीं तो फाटकावरूनच परत गेला. मंगळवारीं पुन्हां ग्रंथालयापासून आरंभ. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तो पूर्ण दिवस बसूं लागला. इकडे मराठीच्या शिक्षकांनीं वर्गांत बहिणाबाई चौधरी यांची कविता घेतली, आणि जी बोली पाठ्यपुस्तकांत आपण मानानें शिकतों तीच बाकावर ऐकूं आली म्हणजे हंसावयाचें कशाला, एवढेंच विचारलें. नांव कोणाचें घेतलें नाहीं. मोठ्यानें वाचावयास मात्र त्या मुलास दिवाळीनंतरच सांगितलें, आणि तेंहि आदल्या दिवशीं उतारा दाखवून.

भीतीचें ठिकाण शोधणें किती अगत्याचें आहे तें ह्यावरून दिसेल. कित्येकदां तें फार साधें असतें, व म्हणूनच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. संडासाच्या दारास कडी नाहीं, म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवणाऱ्या व त्यासाठीं पाणीहि न पिणाऱ्या मुली असतात. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांमुलींसाठीं स्वतंत्र संडास असले पाहिजेत असें ठरविलें आहे. पण कडी मोडली कीं नाहीं हें कायदा पाहावयास येत नाहीं, तें आम्हींच पाहावयाचें असतें. कोणास बसमधील मोठ्या मुलांची भीति असते, कोणास गणिताच्या तासाची. शिक्षकाच्या हाताची वा जिभेची भीति असेल तर पालकांनीं निःसंकोचपणें मुख्याध्यापकांस भेटावें. वरील कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंस बंदी आहे. १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आहे.

एका बाबतींत मात्र पायरी-पायरीचा विचारच करूं नये. एखाद्या विशिष्ट माणसाचें नांव निघतांच मूल थिजत असेल, अंगास कोणी नकोसा हात लाविला असें तें सांगत असेल किंवा सुचवीत असेल, तर प्रथम त्यास त्या माणसापासून दूर करावें, त्याचें म्हणणें खरें धरून चालावें, आणि पोलिसांत कळवावें. २०१२ सालच्या कायद्याप्रमाणें असें कळविणें हें आमचें सर्वांचें कर्तव्य आहे. १०९८ ह्या क्रमांकावर मूल स्वतःहि मदत मागूं शकतें. येथें अब्रूचा प्रश्न मध्यें आणणें म्हणजे मुलाचा घात करणें होय.

भीतीचें मूळ घरीं असेल तेव्हां काम अधिक नाजूक असतें. आई आजारी आहे, आजोबा नुकतेच वारले आहेत, रात्रीं आईबापांचें कडाक्याचें भांडण झालें आहे. अशा वेळीं मुलास शाळा नकोशी होते ती शाळेमुळें नव्हे, आपण नसतांना घरीं कांहीं भलतेंच होईल म्हणून. अशा मुलास "घरचें सर्व ठीक आहे" असें खोटें सांगूं नये. आई दुपारीं दवाखान्यांत जाईल, मावशी बरोबर असेल, चार वाजतां आम्ही घरीं असूं, असें नेमकें सांगावें, आणि चार वाजतां खरोखरच घरीं असावें.

आमच्या घराघरांतून चालत आलेल्या दोन संवयी सोडावयास हव्यात. एक, लहानपणापासून मुलास शाळेचा धाक घालणें. "थांब, बाईंना सांगतें!" हें वाक्य ज्यानें तीन वर्षें ऐकलें, त्यास बाई व बागुलबुवा ह्यांत फरक कसा कळावा? दुसरी, मूल खेळांत रमलें कीं त्याचा डोळा चुकवून निघून जाणें. त्या दिवसापुरतें रडें वांचतें. पण आई न सांगतां नाहींशी होऊं शकते हें मुलास कळतें, आणि दुसऱ्या दिवसापासून तें पदर सोडीतच नाहीं. निरोप घ्यावा, तो थोडक्यांत घ्यावा, आणि मग मागें वळून पाहूं नये. खिडकींतून डोकावणाऱ्या मातोश्रींस आम्ही दर वर्षीं हात जोडून विनंति करतों! आईच्या चेहऱ्यावरील काळजी मूल पुस्तकाहून आधीं वाचतें.

दप्तर, गणवेष, डबा यांची तयारी आदल्या रात्रीं व्हावी. सकाळची घाई ही भीतीची सख्खी बहीण आहे. रात्रीं मोबाइल बाजूस ठेवून मुलास वेळेवर निजवावें. ज्या घरांत रात्रीं एकत्र प्रार्थना होते, त्यांनीं ती जरूर करावी. मात्र "देवा, उद्यां माझ्या बाळाला भीति वाटूं देऊं नकोस" असें तेंच तें मुलासमोर घोकूं नये. दिवसांत जें चांगलें घडलें त्याबद्दल आभार मानून थांबावें. आणि खरोखरच ताप आहे म्हणून मूल घरीं राहिलें, तर तो दिवस आजाऱ्याचा दिवस असावा: अंथरूण, पेज, एखादें पुस्तक. टीव्ही व मोबाइल नको. ताप उतरला कीं दुसऱ्याच दिवशीं शाळा.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. बरेच दिवस न आलेला सोबती परत आला, म्हणजे त्याच्याभोवतीं कोंडाळें करून "इतके दिवस कोठें होतास?" असें विचारूं नका. त्यास बाकावर जागा करून द्या, वही द्या, मधल्या सुट्टींत "चल" म्हणा. आणि तुमच्यापैकीं कोणास अशी भीति वाटत असेल तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. श्वास सावकाश घ्यावा व घेतला त्याहून अधिक सावकाश सोडावा. असें दहा वेळां केल्यानें छातींतील धडधड कमी होते. भीति नाहींशी होईपर्यंत वाट पाहात बसलांत तर दिवस जाईल. तिला बरोबर घेऊनच वर्गांत या.

शाळेनेंहि पावलें टाकावयाचीं असतात, हें आम्ही विसरत नाहीं. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम सुरू केलें. हें गांव तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें, आतां पालघर जिल्ह्यांत आहे. वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां ताराबाईंनीं व अनुताई वाघ यांनीं त्यांस दोष दिला नाहीं. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामांतून रूढ झाला, आणि १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळें तो देशभर गेला. हायस्कुलास अंगणांत जातां येत नाहीं हें खरें. पण फाटकापासून वर्गापर्यंतचें अंतर आम्हीं आमच्या बाजूनें थोडें चालून यावें, एवढें तरी करतां येतें.

दोन-तीन आठवडे असे प्रयत्न करूनहि मूल येत नसेल, त्याची झोंप व भूक गेली असेल, तें सदा उदास असेल, किंवा "मी नसतों तर बरें" असें कांहीं बोलत असेल, तर बालमानसतज्ज्ञाकडे जाण्यास एक दिवसहि लावूं नये. दांत दुखला तर दंतवैद्याकडे जातांना कोणी तोंड लपवीत नाहीं. जवळपास तज्ज्ञ नसेल तर २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलि-मानस ह्या सरकारी सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर विचारतां येतें. पैसे पडत नाहींत व मराठींत बोलतां येतें.

ज्यांचीं मुलें येत्या जूनमध्यें प्रथमच आपल्या शाळेंत येणार आहेत त्यांनीं शाळा उघडण्यापूर्वींच्या आठवड्यांत, सकाळीं दहा ते एकच्या दरम्यान, मुलास घेऊन एकदां यावें. वर्ग रिकामे असतात, शिपाई फाटकावर असतो. मुलास त्याचा वर्ग, पाण्याचे नळ, संडास आणि मधल्या सुट्टींत बसावयाची चिंचेखालची जागा दाखवावी. संडासाची कडी लागते कीं नाहीं तें त्यालाच लावून पाहूं द्यावें, आणि लागत नसेल तर जातांना आम्हांस सांगावें.